धुराडं नसलेलं गाव : एका प्रेसहाउसच्या दुरुस्तीच्या नोंदी, 2024

18 मार्च, सोमवार

आज पहिलं मोजमाप झालं. जागा : व्हिएन्नाच्या उत्तरेला, चेक सीमेच्या अलीकडे, पॉयस्डॉर्फच्या पट्ट्यातलं एक गाव. लोअर ऑस्ट्रिया प्रांताचे परंपरेने चार भाग मानतात, त्यातला हा द्राक्षांचा भाग, म्हणून नावच वाइनफिअर्टल. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे गावाचं आणि माणसांचं नाव नोंदीत घेत नाही. म्हाताऱ्या मालकांना नातवंडं ओपा म्हणतात, मीही तेच म्हणते. शेती आता त्यांच्या लेकीच्या नावावर आहे.

आपल्याकडे जशी काळी आणि पांढरी, म्हणजे शेत वेगळं आणि वस्ती वेगळी, तसं इथे एक तिसरं ठिकाण असतं. वस्तीपासून थोडं लांब, उतारात खोल गेलेल्या गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना बुटकी, चुना दिलेली घरं. एक दार, एखादी हातभर खिडकी, कौलारू छप्पर. ही केलरगासे, तळघरांची गल्ली. हाद्रेसची केलरगासे तर दीड किलोमीटरहून लांब आहे. एकाही घरावर धुराडं नाही, कारण इथे चूलही नाही आणि मुक्कामही नाही. माणसं गावात राहतात, वाइन इथे राहते. म्हणूनच या गल्ल्यांना इथले लोक ‘धुराडं नसलेली गावं’ म्हणतात.

आमचं घर रस्त्याकडून 5.40 मीटर रुंद. पुढे प्रेसहाउस, म्हणजे द्राक्षं दाबायची खोली, आणि मागे डोंगरात 14.60 मीटर लांब कोरलेलं तळघर. वर माळा. मी ओपांना विचारलं, ‘ही पुढची खोली नेमकी कशासाठी वापरायचे?’ ते म्हणाले, ‘कुठल्या महिन्यात?’

मग त्यांनी एकेक महिना सांगितला. हिवाळ्यात पिंपांची डागडुजी. वसंतात वेली बांधायचे दोर आणि खुंट. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस आला की आसरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं, टोपल्या, दाबयंत्र आणि तोडणीवाल्यांचं दुपारचं जेवण. माळ्यावर पेंढा आणि शिड्या. आणि वर्षातले थोडे दिवस इथेच बाकं टाकून स्वतःची वाइन विकायची. नकाशात खोलीला एक नाव द्यायची आमची वास्तुकलेच्या शाळेतली सवय, इथे त्या रकान्यात मी सगळे महिने लिहिले.

2 एप्रिल

उत्तरेच्या भिंतीला पोट आलंय. ओळंबा सोडला तर सव्वा मीटर उंचीवर नऊ सेंटिमीटर बाहेर. भिंत 62 सेंटिमीटर जाड, खाली मीटरभर दगड-विटा, वर सगळी माती. आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा. तो 1970च्या सुमारास ‘एकदा करून टाका, मग कटकट नाही’ म्हणून बसवलेला.

छिन्नीने पहिला तुकडा काढला आणि मागची माती अंगठ्याने दाबली, तर अंगठा आत गेला. पेंढा काळा पडून कुजलेला. मातीची भिंत जमिनीतून ओल खेचतेच, त्यात काही बिघडत नाही. ती ओल वाऱ्याला सोडायला तिला वाव लागतो. चुना तो देतो, सिमेंट देत नाही. मग ओल आत चढत राहते, लोणा बाहेर पडायला जागा शोधतो आणि भिंत आतून मऊ होत जाते. तासगाव भागात पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या कितीतरी भिंती मी याच कारणाने गेलेल्या पाहिल्यात. सिमेंट लावणाऱ्यांनी घर वाचवण्यासाठीच ते लावलं होतं, हे मला दोन्हीकडे सारखंच दुखतं.

9 एप्रिल

तळघर. बाहेर उकाडा असो की बर्फ, आत साधारण 10 ते 12 अंश. भिंतींना वीट नाही, नुसता लोस. हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली ही पिवळसर, पिठासारखी माती. कोरडी असेल तर उभी कापली तरी भिंतीसारखी उभी राहते. त्यामुळेच शेतकऱ्यांना गवंड्याशिवाय, कुदळीने, हिवाळ्याच्या रिकाम्या दिवसांत तळघरं कोरता आली. भिजली मात्र की तिच्यातलं चुन्याचं आणि चिकणमातीचं बंधन सुटतं आणि ती एकदम बसते.

दिवा जवळ नेला तर भिंतीवर काळी मऊ लव दिसली. जुन्या घोंगडीला हात लावावा तशी. मी ब्रश काढला, तर ओपांनी मनगट धरलं. ही तळघराची बुरशी, हवेतल्या मद्याच्या वाफेवर जगते. ती आहे म्हणजे तळघर निरोगी आहे, असं इथे सगळे मानतात. सर्वांत आतल्या पिंपावर लाकडाचं कोरलेलं मांजर बसलंय. मांजर ज्या पिंपावर, त्यातली वाइन सर्वांत चांगली. बुरशी यादीतून वगळली.

तळघराच्या टोकाला छतातून वर शेतापर्यंत गेलेलं उभं भोक आहे, वाफभोक. त्याच्या तोंडाशी गवत माजलंय, ते साफ करायचं.

24 एप्रिल

काम बंद. सलग तिसरी रात्र शून्याखाली. कोंब फुटून बोटभर झालेत आणि त्यावर हिव पडलं. रात्रभर सगळं घर मळ्यात ओला पेंढा जाळून धूर करत होतं. मीही होते. खालच्या सखल तुकड्यातले कोंब सकाळी उकडल्यासारखे तपकिरी झाले, वरचे वाचले. कुणी फार बोललं नाही.

23 मे

उत्तरेच्या भिंतीचा सडका भाग काढला, लाकडी टेकू दिले, आज नवी माती चढवायला सुरुवात.

इथली पद्धत वुट्सेल. वुट्सेल्न म्हणजे हाताने वळणं. माती, तोडलेला पेंढा आणि पाणी पायांनी तुडवायचं. मग भाकरीचा उंडा घेतात तसा, पण लांबट, दोन हातांत मावेल एवढा गोळा वळायचा आणि ओला असतानाच तिरका रचायचा. पहिला थर उजवीकडे कललेला, दुसरा डावीकडे. कणसाच्या दाण्यांसारखी नक्षी दिसते. आपल्याकडे भेंडा आधी उन्हात वाळवतात, मग भिंत. इथे भिंतच वाळते. म्हणून एका वेळी अर्ध्या मीटरहून जास्त चढवायचं नाही. ती आवळली, घट्ट झाली, की पुढचा थर.

चिखल बरोबर झालाय का हे पायाला कळतं, टाचेला चिकटायचा थांबून तो सरकायला लागतो. मला ते लहानपणापासून माहीत होतं, ओपांनाही. आमच्यात आज जर्मन फार लागली नाही.

5 जुलै

लाकडी दाबयंत्राची पाहणी. खोलीची निम्मी जागा याच्या मालकीची. एकसंध ओकची तुळई, 6.80 मीटर. मागचं टोक दोन खांबांच्या खाचेत अडकवलेलं, पुढच्या टोकातून माणसाच्या मांडीएवढा लाकडी आट्यांचा स्क्रू, आणि स्क्रूच्या पायाला बांधलेला दगड. द्राक्षं तुळईखालच्या खोक्यात, वर फळ्या आणि ठोकळे. दोघांनी स्क्रू फिरवला की तुळई खाली येते. फिरवत राहिलं की एका क्षणी दगडच जमिनीवरून उचलला जातो आणि अधांतरी लटकतो. मग माणसाने बसावं, दगड दाबत राहतो. रस निघत जातो तशी तुळई झुकते, दगड पुन्हा जमिनीला टेकतो. तो टेकला की परत फिरवायचं. रात्रभर हेच. ओपांच्या वडिलांच्या लहानपणापर्यंत.

तुळईच्या पोटावर कोरलेलं साल ‘17’ पर्यंत वाचता येतं. पुढचे दोन आकडे हात फिरून फिरून गेलेत. स्क्रूच्या तीन आट्यांना कीड आहे, तेवढ्याच जवसाच्या तेलाने भरल्या. बाकी हात लावला नाही.

ट्रॅक्टर आले, गावातल्या वाड्यातच दाबयंत्रं आणि स्टीलच्या टाक्या बसल्या, आणि दोन पिढ्यांत या गल्ल्या रिकाम्या झाल्या. आमच्या गल्लीत 43 दारं मोजली. त्यातल्या नऊ घरांना कुलूप नाही, कारण आत जपण्यासारखं काही उरलं नाही. छप्पर एका ठिकाणी फुटलं की दोन पावसाळी वर्षांत मातीची भिंत जाते. ज्या घरात वर्षातून थोडे दिवस तरी माणसं बसतात, तिथे फुटलेलं कौल त्याच आठवड्यात दिसतं. मी आजवर जे पाहिलंय त्यावरून, जुनं घर राखायला यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

17 ऑगस्ट, शनिवार

आजची तारीख मुद्दाम नोंदवते. सम्राट दुसऱ्या योसेफने 17 ऑगस्ट 1784 रोजी फर्मान काढलं, आज त्याला 240 वर्षं झाली. आशय असा : प्रत्येकाला स्वतः पिकवलेलं अन्न, स्वतःची वाइन आणि फळांचा रस वर्षात कधीही, त्याला वाटेल तसा आणि वाटेल त्या भावाने विकायची आणि पाजायची मोकळीक आहे. फर्मानाला कारण झालेली तक्रार गेली होती दक्षिणेच्या ग्योर्त्स परगण्यातून, आजच्या इटली-स्लोव्हेनिया सीमेवरून. तिथला सरदार लोकांना फक्त आपलीच वाइन विकायला लावत होता. त्रिएस्तजवळच्या कार्स्ट पठारावर अशा शेतघरातल्या दारूघराला आजही ओस्मित्सा म्हणतात. स्लोव्हेनियन भाषेत ओसेम म्हणजे आठ, विक्रीला आठ दिवसांची मुभा असायची त्यावरून. जर्मनीत तेच श्ट्राउसविर्टशाफ्ट, वर्षाला जास्तीत जास्त चार महिने आणि 40 खुर्च्या.

इथलं नाव बुशेनशांक. बुशेन म्हणजे हिरव्या डहाळ्यांचा झुबका. तो काठीला बांधून दारावर बाहेर काढला की समजायचं, आज उघडं आहे. लोक बोलताना ‘आउस्गश्टेक्ट इज’ एवढंच म्हणतात, बाहेर लावलाय. हॉयरिगर म्हणजे यंदाचा, हा शब्द नव्या वाइनलाही आणि ती मिळते त्या जागेलाही. व्हिएन्नाची हॉयरिगर संस्कृती 2019 मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेली.

मला या फर्मानातला ‘स्वतः पिकवलेलं’ हा शब्द सगळ्यात मोलाचा वाटतो. बुशेनशांकमध्ये बाहेरची वाइन आणायची नाही, बिअर ठेवायची नाही, जेवण थंडच. या अटींमुळे हा धंदा शेतापेक्षा मोठा होऊ शकत नाही. पीक संपलं की झुबका उतरवायचा. एवढ्या थोड्या दिवसांसाठी कोण हॉटेल बांधेल? म्हणून गोठा, खळं, प्रेसहाउस, जे आहे त्यातच बाकं टाकली गेली, आणि त्या इमारती बहुपयोगी राहिल्या. शेतकऱ्याला दिलेली सवलत जुन्या घरांचीही सवलत ठरली.

29 ऑगस्ट

झुबका लागला. पाइनच्या ताज्या डहाळ्या, नातीने बांधलेला. या घराचे वर्षातून तीन वेळा, दर वेळी दहा-बारा दिवस. तारखा गावपालिकेला आधी कळवलेल्या. शेजारच्यांशी ठरवून घेतात, म्हणजे एक मिटलं की दुसरं उघडतं आणि गावाची बसायची सोय कायम राहते.

दाबयंत्राच्या तुळईखालीच दोन टेबलं मांडली, चार बाहेर गल्लीत. आम्ही जूनमध्ये चुना दिलेली भिंत संध्याकाळच्या उन्हात दुधासारखी दिसत होती. फळीवर काळी भाकरीसारखी पावाची चकती, धुरी दिलेलं डुकराचं मांस, काकडीचं लोणचं, आणि लिप्टाउअर. हे लिप्टाउअर म्हणजे चक्क्यासारख्या ताज्या दह्याच्या गोळ्यात लोणी, लाल पाप्रिका, कांदा आणि शहाजिऱ्याच्या जातीचं क्युमेल घालून मळलेलं. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला तिखट कमी असलेली चटणी-चक्का वाटली. वाइन ग्र्युनर फेल्टलिनर, या पट्ट्याचं मुख्य द्राक्ष, चवीला किंचित मिरीसारखी. मापं दोनच, आख्टल 125 मिली आणि फिअर्टल 250 मिली. तहान असेल तर अर्धी वाइन, अर्धा सोडा.

टेबल कुणाचं एकट्याचं नसतं. ‘इथे जागा आहे का?’ विचारायचं आणि अनोळखी माणसांशेजारी बसायचं. माझ्याशेजारी तीन घरं पलीकडचे गृहस्थ बसले होते. त्यांचं प्रेसहाउस बिनकुलुपाच्या नऊमधलं. दोन ग्लास होईपर्यंत ते नुसती भिंत बघत होते. मग उठून तिच्यावर तळहात ठेवला आणि विचारलं, ‘चुना कुठून आणला?’

7 सप्टेंबर

तोडणी. यंदा खूप लवकर, सगळेच म्हणतात. हिवातून वाचलेल्या वरच्या तुकड्याची द्राक्षं. बहुतेक रस गावातल्या टाक्यांत गेला. दोन पिंपं मात्र ओपांच्या हट्टाने इथे तळघरात, जुन्या पद्धतीने आंबायला.

15 सप्टेंबर, रविवार

शुक्रवारपासून पाऊस थांबलेला नाही. आज सगळा लोअर ऑस्ट्रिया आपत्तिग्रस्त जाहीर झाला. कांप आणि पर्शलिंग नद्यांच्या काठी, सांक्ट प्योल्टनकडे परिस्थिती फार वाईट आहे. आमच्या बाजूला झळ त्यामानाने कमी, पण गल्ली म्हणजे शेवटी उतारातली खोल वाट, वरच्या शेतांचं पाणी इथूनच वाहतं. दुपारपासून आम्ही भिंतीच्या मागे चर खणतोय, पेंढ्याचे गठ्ठे लावतोय, वर ताडपत्री.

16 सप्टेंबर

पहाटे चारला धप्प असा आवाज झाला. भिंत उभी होती, पण तळघरावरच्या उताराचा लोस बसला होता. पंचवीस-तीस घमेली माती, आणि ती पडली नेमकी वाफभोकावर. भोक बुजलं.

ही चूक माझी आहे, ती इथे स्पष्ट लिहिते. एप्रिलमध्ये भोकाच्या तोंडाचं गवत काढताना मी त्याभोवतीचा उभा काप उतरता केला. नीट दिसावं, गवत काढणं सोपं जावं म्हणून. लोसच्या बाबतीत हे उलटं असतं. उभ्या कापावरून पाणी घसरून जातं, उतरत्या कापावर ते मुरतं. मला हे वाचून माहीत होतं. शेतकरी दोनशे वर्षं उभाच काप का ठेवत आले हे मी ओपांना विचारायला हवं होतं.

आत दोन पिंपं आंबतायत. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचत जातो, त्याला रंग नाही की वास नाही. पूर्वी मेणबत्ती गुडघ्याच्या उंचीवर धरून आत जायचे, विझली की परत फिरायचं. पण ती विझेपर्यंत माणसाला धोका होऊन गेलेला असू शकतो. लेकीने गॅस मोजायचं यंत्र काठीला बांधून पायऱ्यांवरून आत सोडलं, ते चौथ्याच पायरीवर बोंबलायला लागलं. तिने तळघराच्या दाराला आडवी फळी ठोकली आणि वर खडूने लिहिलं : कुणीही नाही.

मला हरिपूरची हळदीची पेवं आठवली. सांगलीजवळ, कृष्णेच्या काठची. घागरीसारखी, तोंड अरुंद आणि पोट मोठं, जमिनीत खोल. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी वारा खेळू द्यायचा, हे तिथलं लहान पोरही सांगतं. आणि 2005च्या महापुरात त्याच पेवांमध्ये पाणी शिरलं होतं. जमिनीच्या पोटात धान्य, हळद किंवा वाइन ठेवणाऱ्या माणसांना दोनच भीती, आतली कोंदलेली हवा आणि वरून येणारं पाणी. आम्हाला दोन्ही एकाच रात्री भेटल्या.

17 सप्टेंबर

पाऊस कमी. वरून, शेताच्या बाजूने, दोर बांधून माती काढली. सहा जण होतो. बिनकुलुपाच्या घराचे ते शेजारीही न बोलावता फावडं घेऊन आले. भोक दुपारी मोकळं झालं. तरी फक्त त्यावर विसंबलो नाही. पंख्याची नळी थेट तळापर्यंत सोडून रात्रभर हवा ओढली. सकाळी यंत्र शांत असेल तरच आत जायचं, आणि तेही दोघांनी, एकाने पायरीवर थांबून.

18 सप्टेंबर

यंत्र शांत. पिंपं ठीक, बुरशी ठीक, मांजर जागच्या जागी. उत्तरेच्या नव्या भिंतीला तळापासून 40 सेंटिमीटर ओल चढलीय. चुन्यावर तिची कड पेन्सिलीने आखून ठेवली.

2 ऑक्टोबर

पुन्हा झुबका. सध्या श्टुर्मचे दिवस, अर्धवट आंबलेला, गढूळ, गोड रस. तो विकायची मुभा 1 ऑगस्ट ते 31 डिसेंबर. अजून जिवंत असतो, म्हणून बाटलीचं बूच घट्ट लावत नाहीत, गाडीत उभीच ठेवावी लागते.

ओलीची कड 31 सेंटिमीटरवर उतरली. वाफभोकाभोवतीचा काप पुन्हा उभा केला. खणणारा मी नव्हे, ओपा. मी फक्त घमेली उचलली आणि प्रत्येक कुदळीचा कोन बघितला.

11 नोव्हेंबर, सोमवार

संत मार्टिनचा दिवस. आजपासून या वर्षीची वाइन ‘हॉयरिगर’, आणि कालपर्यंत त्या नावाने पाजलेली मागच्या वर्षीची झाली ‘आल्टर’, जुनी. ओपांनी तळघरातल्या पिंपातून काचेच्या नळीने थोडी काढून सगळ्यांना दिली. अजून गढूळ होती. लेकीने वास घेतला, एक घोट घेतला आणि दुसरं पिंप मांजराच्या पिंपाशेजारी हलवायला सांगितलं. मांजर कुठे बसवायचं ते मार्चमध्ये ठरणार.

ओलीची कड 12 सेंटिमीटर. भिंतीच्या पोटाला ओळंबा पुन्हा लावला, सप्टेंबरपासून एक मिलिमीटरही सरकलेली नाही.

दुपारी शेजाऱ्यांच्या अंगणात चुन्याचा खड्डा भरला, त्यांच्या आणि आमच्या अशा दोन्ही घरांना पुरेल एवढा. चुना खदखदून शांत होईपर्यंत आम्ही तिघं काठाशी उभे होतो. मग वर चार बोटं पाणी ठेवलं, फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर त्यांच्या दाराचं जुनं कुलूप ठेवलं, गंज काढून तेल दिलेलं.